‘गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’

वाचकांचे प्रश्न : प्राथमिक आरोग्य केंद्र

तुमच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल (पीएचसी) काय विचारायचं आहे ते कळवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. तक्रार नेमक्या कुठल्या केंद्राबद्दल आहे ते कळू नये म्हणून पत्रलेखकांची आणि गावांची नावं गाळली आहेत. उत्तरं ग्रामीण आरोग्यसेवा आणि औषधसाठा या दोन्ही बाजू जाणणाऱ्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : आमच्या पीएचसीची नवी इमारत झाली. फरशी चकचकीत, पुढे बाग. पण आईला बीपीची गोळी तीन महिन्यांतून एकदा मिळते. एरवी ‘गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’, नाहीतर बाहेरची चिठ्ठी. सरकार औषधं पाठवतच नाही, की मधेच कुठे जिरतात?
— ग्रामपंचायत सदस्य, जि. बीड

मधे जिरण्याचा संशय सगळ्यांना आधी येतो. कधी कधी तो खराही निघतो. पण बऱ्याच ठिकाणी गोळी हरवते ती कागदावर, वार्षिक मागणीपत्रात. हिशोब करून बघू.

समजा, केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी घेणारे १५० पेशंट आहेत. महिन्याला ४,५०० गोळ्या लागतात, वर्षाला ५४,०००. गेल्या वर्षी चार महिने गोळी नव्हती, म्हणून वाटप झालं आठ महिन्यांचं, म्हणजे ३६,०००. आता पुढच्या वर्षाची मागणी करायला बसलेला माणूस साठा नोंदवही उघडतो, एकूण वाटप बघतो आणि १२ ने भागतो. उत्तर येतं महिन्याला ३,०००. तो ३६,००० ची मागणी टाकतो. ती शंभर टक्के पुरी झाली तरी चार महिने हात रिकामेच. एका वर्षाचा तुटवडा असा पुढच्या वर्षाच्या तुटवड्याला जन्म देतो, आणि यात कुणीही एक गोळी चोरलेली नसते. त्यात दोनदा रिकाम्या हाताने परतलेला पेशंट तिसऱ्यांदा येत नाही. मग रजिस्टरमधले पेशंटही कमी दिसतात आणि मागणी आणखी खाली येते.

भागायचं असतं ते औषध हातात होतं तेवढ्याच महिन्यांनी. इथे ८ ने. त्याहून चांगलं म्हणजे नोंदवलेले पेशंट गुणिले ३० दिवस. दुसरी चूक वेळेची. मागणी टाकल्यापासून खोकी केंद्रात यायला दोन महिने लागत असतील आणि एक महिन्याचा साठा अडीअडचणीला ठेवायचा असेल, तर साठा १३,५०० वर आला की मागणी जायला हवी. शेवटचं खोकं फोडल्यावर मागणी पाठवणारं केंद्र दोन महिने गोळीविना राहणार, हे त्या दिवशीच ठरलेलं असतं.

वरच्या पातळीवरही घोळ झाले आहेत. महाराष्ट्रात औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण कायद्याने नेमलं गेलं. अशा बदलाच्या काळात निविदा लांबल्या की फटका सगळ्यात शेवटच्या फळीला, म्हणजे उपकेंद्राला बसतो. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध महामंडळ काढलं आणि प्रत्येक केंद्राला पासबुक दिलं. केंद्राने जिल्ह्याच्या गोदामातून आपल्या रकमेच्या मर्यादेत हवं ते औषध उचलायचं. कोणतं औषध खरोखर उचललं जातं ते त्यातून आपोआप कळतं, अंदाजपंचे काम कमी होतं.

तुम्ही सदस्य आहात, तेव्हा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत दोन आकडे मागा : नोंदलेले बीपीचे पेशंट किती, आणि आज साठ्यात गोळ्या किती. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की किती दिवस पुरेल ते तिथल्या तिथे कळतं. शेजारच्या केंद्रात जास्तीचा साठा पडून आहे का, हे ई-औषधी या साठ्याच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसतं आणि तो वळवता येतो. तेही नसेल तर समितीकडे स्थानिक खरेदीसाठी निधी असतो. केंद्राला वर्षाला १ लाख ७५ हजारांपर्यंत अबंधित, देखभाल आणि समिती निधी धरलेला आहे. जनऔषधी दुकानातही अ‍ॅम्लोडिपिनची गोळी रुपयाच्या आत मिळते. म्हणजे १५० जणांचा अख्ख्या महिन्याचा खंड भरून काढायला साडेचार हजारांहून कमी रुपये लागतात. बैठकीत हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा. (२०२२ नंतर कितीतरी जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासकच होते, त्यामुळे समितीत लोकप्रतिनिधीची खुर्चीच रिकामी राहिली. तुमच्याकडे बैठक शेवटची कधी झाली, हे आधी विचारा.)

बाहेरच्या चिठ्ठीबद्दल एवढंच : सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. साठा नाही म्हणून चिठ्ठी द्यावी लागली तर तशी नोंद केंद्राच्या कागदावर असायला हवी. नोंद नसलेला तुटवडा वरच्या कचेरीला दिसत नाही.

तुमच्याकडून ऊसतोडीला जाणारे बरेच असतील. दिवाळीनंतर गेलेला पेशंट पाच-सहा महिने परत येत नाही आणि तिकडे त्याच्याकडे केसपेपर नसतो. निघण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटचं बीपी लिहिलेलं कार्ड घेऊन ठेवा. कारखान्याजवळच्या केंद्राला तेवढं पुरतं.

प्रश्न : मी पीएचसीत लसींची शीतसाखळी, म्हणजे लस थंड ठेवायची व्यवस्था, बघते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट जाते. लस खराब झाली हे कसं ओळखायचं? बाटलीवरचा रंग बदलणारा चौकोन ठीक दिसतो, म्हणून मी वापरते.
— आरोग्य सेविका, जि. रत्नागिरी

ताई, चौकोन बघता हे बरोबर. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवरच लस वापरायची. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला की ती बाद. पण तो चौकोन फक्त उष्णतेचा साक्षीदार आहे. लस गोठली होती का, हे तो सांगत नाही. आपल्याकडे सगळे उन्हाळ्याला आणि लाइट जाण्याला घाबरतात. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, डीपीटी, टीडी, पीसीव्ही या लसींचा खरा वैरी बर्फ आहे. एकदा गोठली की लस निकामी. नंतर ती पुन्हा पातळ होते, बाटली दिसायला नवीकोरी, चौकोन फिका. बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर टिक होते, संरक्षण मात्र मिळत नाही.

आधी लाइटचं. आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रिज, चांगल्या स्थितीत असेल आणि झाकण उघडलं नाही, तर तो २० तासांच्या आसपास आतलं तापमान २ ते ८ अंशांत धरून ठेवू शकतो. म्हणून लाइट गेली की पहिलं काम झाकणावर कागद चिकटवणं : ‘उघडू नये’, आणि लाइट गेल्याची वेळ. जनरेटर नसेल तर तापमान ८ कडे सरकायच्या आत लस हलवायला हवी. जवळचा शीतसाखळी बिंदू कोणता, तिथे फोन कुणाला करायचा, गाडी कोण देणार, हे भिंतीवर आधीच लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता ते शोधत बसण्यात अर्थ नाही. लस घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

आता गोठण्याचं. वरून उघडणाऱ्या आयएलआरमध्ये तळ सगळ्यात थंड असतो. बाटल्या थेट तळावर नकोत, टोपलीतच हव्यात. पोलिओचे थेंब, एमआर, बीसीजी खाली चालतील. वर नावं घेतलेल्या गोठणाऱ्या लसी टोपलीच्या वरच्या भागात ठेवा. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारीही. थंडीत काटा १ किंवा ० दाखवायला लागला तर तापमानाचं कंट्रोल नीट चालू आहे असं मानून बसू नका. शीतसाखळी तंत्रज्ञाला त्याच दिवशी कळवा. आत बर्फाचा थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला असेल तर डीफ्रॉस्ट करायची वेळ झाली आहे.

सगळ्यात जास्त लस गोठते ती व्हॅक्सीन कॅरियरमध्ये, आणि तीही सकाळच्या घाईत. डीप फ्रीझरमधून आइसपॅक काढले, पुसले, कॅरियरमध्ये घातले, निघाले. तो पॅक उणे १५ ते उणे २५ अंशांतून आलेला असतो, त्याला चिकटलेली बाटली गोठतेच. पॅक बाहेर मांडून ठेवा, पृष्ठभागावर घाम येऊ द्या. मग एक उचलून कानाशी हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो कॅरियरमध्ये घालायला तयार. असे चार पॅक, आणि बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

संशय आलाच तर हलवून बघायची चाचणी आहे. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवा, मग वितळू द्या. ही झाली तुलनेची बाटली. ती आणि संशयित बाटली दोन्ही एकाच हातात धरून जोरात हलवा, टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि १५-२० मिनिटं बघत राहा. गोठवलेल्या बाटलीत गाळ भराभर तळाला बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. संशयित बाटलीतही तितक्याच वेगाने गाळ बसला तर ती गोठलेली होती. सारखी दुधट राहिली तर ठीक. आयपीव्हीला, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनच्या लशीला, ही चाचणी लागू नाही, तिच्यात तसा गाळच नसतो.

प्रश्न : मुलाला सोमवारी कुत्रा चावला. केंद्रात सांगितलं, ‘रेबीजची लस गुरुवारी देतो, चार-पाच जण जमले की बाटली फोडतो.’ हे बरोबर आहे का?
— वाचक, जि. धुळे

अजिबात नाही. चावला त्या दिवशी पहिली मात्रा, हाच नियम.

असं का सांगतात तेही समजून घ्या. ही लस त्वचेत देतात तेव्हा दोन दंडांवर ०.१ मिलिलिटर अशा दोन सुया, म्हणजे एका वेळी ०.२ मिलिलिटर. १ मिलिलिटरच्या बाटलीत पाच जण होतात. फोडलेली बाटली सहा ते आठ तासांत संपवावी लागते. एकट्या मुलासाठी फोडली तर चार जणांची लस वाया जाते, आणि ‘वाया का गेली’ असं वरून विचारलं जाण्याची धास्ती असते. धास्ती खरी असेल, पण तिचा भार मुलाच्या जिवावर टाकता येत नाही. एका पेशंटसाठीही बाटली फोडायची. वेळापत्रक त्वचेतून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते पीएचसीत नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात मागा. पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आत देता येतं, पण तेवढं थांबायचं कारण नाही. आणि या सगळ्याच्या आधी : वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुणं. हळद-चुना-तिखट काही नको.

प्रश्न : एमबीबीएसनंतर बॉण्डवर पीएचसीत आलो आहे. पावसाळा आहे, आठवड्याला दोन-तीन सर्पदंश येतात. एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) फ्रिजमध्ये आहे, पण रिअ‍ॅक्शन आली तर इथे आयसीयू नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘रिस्क घेऊ नका, रेफर करा.’ काय करावं?
— वैद्यकीय अधिकारी, जि. पालघर

डॉक्टर, तुमची भीती खरी आहे, पण हिशोब उलटा आहे. रिअ‍ॅक्शनवर तुमच्या टेबलावरच्या अ‍ॅड्रिनलिनने मात करता येते. घाटातल्या दोन तासांत विषाने केलेलं नुकसान भरून काढायला जिल्हा रुग्णालयाकडेही फारसं काही उरत नाही. विषबाधेची लक्षणं असतील तर पहिला डोस इथेच, मग रेफर.

लक्षणं नसतील तर एएसव्ही नाही. दातांचे व्रण दिसतात म्हणून, किंवा नातेवाईक दरवाजा ठोठावतात म्हणून द्यायचं नाही. साधारण २४ तास निरीक्षणाखाली ठेवा. घोणस आणि फुरशासाठी २० मिनिटांची चाचणी करा : शिरेतलं २ मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत, २० मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. रक्त वाहिलं म्हणजे गोठलं नाही, आणि एएसव्ही द्यायलाच हवं. चाचणी फसते ती तीन कारणांनी. नळी प्लॅस्टिकची असते, नळी डिटर्जंटने धुतलेली असते, नाहीतर कुणीतरी पाचव्या मिनिटाला ‘झालं का’ म्हणून हलवून बघतं. या चाचणीसाठी काचेच्या नव्या नळ्यांचा एक छोटा डबा वेगळाच ठेवा.

नाग आणि मण्यार यांच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठतं. तिथे पापण्या जड होऊन मिटतात का ते बघायचं. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, व्रणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला, जमिनीवर झोपणारा पेशंट डोळे अर्धवट मिटून बोलत असेल, जीभ जड असेल, तर गॅसची गोळी देऊन घरी पाठवू नका.

मात्रा १० बाटल्या. दरवेळी नवीन डॉक्टर इथेच कचरतो आणि दोन देऊन ‘ट्रान्सफरपुरतं’ म्हणतो. दोनचा उपयोग नाही. पावडरची प्रत्येक बाटली १० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. फेस होईल असं खळखळून हलवू नका, हातात फिरवत राहा. मग सलाइनमध्ये मिसळून साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच बाटल्या, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. सलाइनचं प्रमाण तेवढं कमी. आधी त्वचेत चाचणीचा डोस देण्याची जुनी पद्धत बंद झाली आहे. तिने काही कळत नाही आणि वेळ जातो.

एएसव्ही सुरू करण्याआधी अ‍ॅड्रिनलिन १:१००० सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा. मोठ्या माणसाला ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अंगावर गांध्या, खाज, धाप, बीपी पडणं, यातलं काही दिसलं की ड्रिप थांबवा आणि अ‍ॅड्रिनलिन द्या. पेशंट सावरला की एएसव्ही हळू वेगाने पुन्हा सुरू करा. रिअ‍ॅक्शन आली म्हणून एएसव्ही कायमचं बंद करणं ही दुसरी नेहमीची चूक. नाग-मण्यारीच्या लक्षणांत निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम आणि अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम जोडीला. हाताने दाबून श्वास द्यायची अम्बू बॅग फाटलेली नाही ना, हे आज दुपारी तपासा.

रेफर करताना चिठ्ठीवर चार गोष्टींची वेळ लिहा : दंश, पोहोच, एएसव्ही सुरू, एएसव्ही संपलं. रक्ताची चाचणी सहा तासांनी पुन्हा करायची असते. पुढच्या डॉक्टरला तुमची वेळ माहीत नसेल तर तो शून्यापासून सुरू करतो. आणि तिथे फोन करा. व्हेंटिलेटर रिकामा आहे का, हे पेशंट निघण्याआधी कळलेलं बरं.

वरिष्ठांना दाखवायला कागद हवा असेल तर केंद्र सरकारचा सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला आहे. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात म्हटलं आहे. ते जिल्हा रुग्णालयात होणार नाही, पीएचसीतच होईल. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर केलेलं काम तुम्ही वाचलं असेल. प्राझोसिन या औषधावरचा त्यांचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हातात मोठं यंत्र नव्हतं. नाडी, बीपी आणि पेशंटच्या उशाशी काढलेल्या रात्री होत्या.

प्रश्न : आमच्या केंद्रात डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत. तहसीलदारांना दोन अर्ज दिले, उपयोग नाही.
— माजी सरपंच, जि. यवतमाळ

अर्ज चुकीच्या दारी गेला. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. तिथली उतरंड तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. पेशंटच्या दृष्टीने हा एकच रस्ता असतो, पण या दोन कचेऱ्यांच्या मधली भिंत चांगली जाड आहे.

अर्जात ‘डॉक्टर राहत नाहीत’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, ‘पदे भरलेली आहेत.’ आणि ते खोटं नसेल. म्हणून माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून प्रत्येक पदासाठी चार रकाने मागा : मंजूर, भरलेलं, प्रत्यक्ष हजर, आणि प्रतिनियुक्तीवर कुठे. चौथा रकाना महत्त्वाचा. पगार तुमच्या केंद्राच्या नावावर निघतो आणि माणूस तालुक्याच्या कचेरीत किंवा दुसऱ्या केंद्रात बसतो, ही जुनी युक्ती आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची सहसा दोन पदं असतात. त्यातला एक गेला की उरलेल्या एकाने सकाळची ओपीडी, दुपारची मीटिंग, शवविच्छेदन, आश्रमशाळेची तपासणी आणि रात्रीची बाळंतपणं करायची. असा माणूस महिनाभरात तालुक्याला खोली बघतो, याचं नवल वाटायला नको.

दुसरी गोष्ट, क्वार्टर आत जाऊन बघा. गळणारं छत, मोटार जळालेली, संडासाला पाणी नाही, अशा खोलीत मुक्कामाचा आदेश किती दिवस टिकेल? मुक्कामाच्या तक्रारीबरोबर दुरुस्तीचा ठराव जोडलात तर अर्जाला वजन येतं. ग्रामसभेत जनसुनवाईही मागता येते. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया अनेक तालुक्यांत झाली. गावाने केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. जिथे गावाने आकडे घेऊन प्रश्न विचारले, तिथे उत्तरं मिळाली. नुसता आरडाओरडा झाला तिथे चहा मिळाला.

प्रश्न : मी आशा आहे. बाळंतिणीच्या भेटी करायच्या की मोबाइलवर माहिती भरायची? एकाच बाईचं नाव पाच ठिकाणी लिहिते आणि तरी मीटिंगमध्ये ‘भेटी अपुऱ्या’ म्हणून बोलणी खाते.
— आशा स्वयंसेविका, जि. नाशिक

ताई, पाच ठिकाणी लिहिण्याचा त्रास तुमच्या हातून सुटणारा नाही. पोर्टल वाढवणाऱ्यांनी जुनी वही बंद केली नाही, ही चूक त्यांची. भेटी चुकू नयेत यापुरतं सांगतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. जन्म कळला त्याच क्षणी सहाही तारखा लिहून टाका, जन्माचा दिवस पहिला धरून. ५ ऑगस्टला जन्म असेल तर ७, ११, १८, २५ ऑगस्ट, मग १ आणि १५ सप्टेंबर. एका पानावर महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे घरांची नावं. सकाळी ते एक पान बघायचं. बाकी वह्या आणि मोबाइल दुपारी.

भेटी खऱ्या चुकतात त्या पहिलटकरणीच्या. ती माहेरी जाते. तुमच्याकडे तिचं नाव आहे, पण बाळ ४० किलोमीटरवर. माहेरच्या आशाकडे बाळ आहे, पण नाव नाही. पहिले सात दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि नेमके तेच दोन गावांच्या मधे पडतात. म्हणून सातव्या महिन्यातच विचारा, ‘कुठे जाणार गं बाळंतपणाला?’ गावाचं नाव आलं की गटप्रवर्तक ताईंकडून तिथल्या आशाचा नंबर घ्या आणि बाई निघाली की फोन करा. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगा. भेटीचे २५० रुपये कुणाला, हा वाद त्यात होतोच. प्रत्यक्ष भेट करणारीला ते मिळावेत, हे गटप्रवर्तकांच्या मीटिंगमध्ये आधीच ठरवून घ्या.

प्रत्येक भेटीत वजन, तापमान, आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्या बाळाचा श्वास अडखळत चालतो. मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढायचं थांबलं असेल किंवा अंग गार लागत असेल, तर वही बाजूला आणि गाडी बोलवा. ही पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ती देशभर आशांकडे आली. गडचिरोलीतल्या त्या बायकांकडेही वही होती. एकच होती, एवढाच फरक.

प्रश्न : उपकेंद्राला आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली. पाटीशिवाय काय बदललं? आणि रात्री बाळंतपणाला १०२ लावायचा की १०८?
— वाचक, जि. नंदुरबार

हे नाव २०२३ चं. मूळ योजना २०१८ ची, हेल्थ अँड वेलनेस सेंटर नावाने आलेली. बदल असा की तिथे आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि बीपी-शुगरची तपासणी व गोळ्या गावातच मिळायला हव्यात. उपकेंद्र पातळीवर १०५ औषधं आणि १४ तपासण्या, पीएचसीत १७२ औषधं आणि ६३ तपासण्या, अशी यादी आहे. यादी भिंतीवर लावलेली असते. त्यातली आज किती आहेत, ते विचारा.

१०२ म्हणजे गरोदर माता आणि बाळांसाठी केंद्राची रुग्णवाहिका, नेणं आणि परत आणणं दोन्ही फुकट. १०८ आणीबाणीची, डॉक्टर असलेली. साध्या कळा असतील तर १०२. रक्तस्राव, झटका, बेशुद्धी, अडलेलं बाळंतपण यात १०८. झटका आलेल्या बाईला रेफर करण्याआधी केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा असतो, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत. तो दिला का आणि किती वाजता, हे गाडीत बसण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्या.

तुमच्याकडे अक्कलकुवा-धडगावसारख्या डोंगरात पावसाळ्यात गाडी पाड्यापर्यंत येत नाही, तेव्हा नंबर कुठलाही लावला तरी झोळी करावी लागते. तारखेच्या चार-पाच दिवस आधी बाईला आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या सोयीत, आणून ठेवा. सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल राहू शकतं. बुडालेल्या मजुरीचं काय, हा प्रश्न घरातून येईलच. मदत काय मिळते ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी विचारून जा, म्हणजे दारात बोलणी करायला तुमच्या हातात काहीतरी असेल.